साहेब, भाषा ‘आपोआप’ येत नाही

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या तालुक्यातल्या रोजगार मेळाव्यात आपण म्हणालात, "जर्मनीला जायचंय ना? भाषेचं टेन्शन घेऊ नका, तिथं गेलं की येते आपोआप." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती, तिचे हात मांडीवरच होते. आदल्याच आठवड्यात तिचा जर्मन भाषेच्या बी-वन पातळीच्या परीक्षेचा निकाल लागला होता. वाचन, लेखन, बोलणं सुटलं. ऐकण्यात दुसऱ्यांदा गेली.

ती जीएनएम झालेली नर्स आहे. 2024 मध्ये आपल्या राज्याचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार झाला, दहा हजार तरुण जाणार म्हणून पेपरात आलं. त्याच सुमारास आपणही इथं शब्द दिलात: तालुक्यात जर्मनचा फुकट वर्ग. वर्ग कुठाय, साहेब? फलक लागला, नारळ फुटला, खोलीला कुलूप. पोरगी पुण्याला खोली करून शिकली. खर्च दीड लाखाच्या पुढं गेला (हिशेबाची वही बायकोकडं आहे, पाच-दहा हजार इकडंतिकडं असतील).

आमच्या स्वयंपाकघरात अजून तिच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या आहेत. चमचा: डेअर ल्योफेल, पुल्लिंगी. काटा: डी गाबेल, स्त्रीलिंगी. सुरी: दास मेसर, नपुंसकलिंगी. चमचा तिकडंही पुल्लिंगीच, हे वाचून मला तुमच्या भोवतीचे कार्यकर्ते आठवले, माफ करा. तीन लिंगांची सवय मराठी माणसाला आहेच. हे एवढं तरी कुणी पोरांना सांगितलं असतं, तर निम्मी भीती गेली असती.

पण नर्सचं काम चमच्यानं भागत नाही. आमच्याकडची म्हातारी कधी "ठणकतंय" म्हणते, कधी "कळ येते", कधी "सणक मारते". तिन्ही दुखणी वेगळी, हे नर्सला कळावं लागतं. तिकडंही म्हातारीच असणार, आणि ती पुस्तकातली जर्मन नाही, तिथली श्वाबिश बोली बोलणार. म्हणून तर नर्सला तिथं बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची पातळी, मागतात. उगाच छळायला नाही मागत!

मी उदगीर-बिदर गाडीवर कंडक्टर होतो. पहिल्या महिन्यात एक बाई तापलेलं पोर घेऊन "इल्ली इळिबेकु, इल्ली इळिबेकु" ओरडत होती. मला वाटलं, तिकिटाचं भांडण आहे. तिला तिथंच उतरायचं होतं. पुढच्या थांब्यावर उतरली आणि पोर खांद्यावर टाकून उन्हात मागं चालत गेली. त्याच रात्री डेपोतल्या कानडी ड्रायव्हरकडून मी चार वाक्यं लिहून घेतली. आपोआप काही आलं नाही, साहेब. लाज वाटली म्हणून आलं.

आणि भाषेबद्दल तुमच्या सरकारनं काय बोलावं! 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, ढोल वाजले. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, लोक चिडले तसा जूनअखेर मागं घेतला. पट वीसच्या आत म्हणून वाडीवरच्या शाळांवर डोळा आहेच. मुंबईत तीस-तीस वर्षं राहून मराठी न शिकणाऱ्याला कुणी विचारलं, की तुम्ही पोलीस पाठवता. मग आमच्या पोरांना तरी कुठून कळावं, की ज्याच्या गावात राहायचं त्याची बोली शिकायची असते? गाव सोडून पोट भरायला जायची वेळ आमच्यावर आणली कुणी, हा तर वेगळाच विषय. तो काढला तर कागद पुरायचा नाही.

माझं मागणं लहान आहे. त्या खोलीचं कुलूप काढा, एक मास्तर नेमा, आणि ऐकण्याच्या सरावासाठी चार चालू हेडफोन द्या. परीक्षेची फी पुन्हा मीच भरीन, ऐकण्याच्या एकाच भागाची भरायची आहे.

आणि ते भाषण तुमच्या फेसबुकच्या पानावर अजून फिरतंय. त्यातलं ‘आपोआप’वालं वाक्य आधी काढा. आमच्या गल्लीतली दोन पोरं ते ऐकून परवा क्लास सोडून आलीत.

आपला,
एका नर्सचा बाप, निवृत्त एसटी कंडक्टर