‘सौहार्दा’ला र कुठून चिकटला?

महोदय,
शांतता समितीच्या बैठकीच्या बातमीत परवा ‘सौहार्द्र’ छापून आले. हा जादा र ‘आर्द्र’कडून आला असावा. मूळ शब्द सुहृद्, म्हणजे चांगल्या हृदयाचा, म्हणून मित्र. त्याचा भाव ते सौहार्द. ‘सु’चा सौ आणि ‘हृ’चा हार्, अशी दोन्हीकडे वृद्धी; सुभगचे सौभाग्य होते तशीच. आमच्याकडे हा शब्द भेटतो तो मुख्यतः पतसंस्थांच्या पाट्यांवर, कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्यामुळे. (हप्ता चुकल्यावर आत सौहार्द किती उरते, ते सोडा.) आमच्या गल्लीच्या तोंडाशीही अशी एक पाटी आहे. कानडीत आहे, पण शब्द बिनचूक!

एक वाचक, शहापूर, बेळगाव