अप्पांना लाउंजमध्ये नक्की ने

नाशिक

प्रिय बाळ्या,

अप्पांच्या डोळ्यांसाठी चेन्नईला निघालायस आणि विमान मुंबईहून पहाटेचं, हे कळल्यापासून मला एकच घोर लागलाय: त्यांचं इन्सुलिन आणि त्यावरचं खाणं. रात्रभर गाडीत, मग रांगा, मग विमानात मिळेल ते. म्हणून आग्रहानं सांगतो, सिक्युरिटी झाली की त्यांना थेट लाउंजमध्ये ने. बड्या लोकांची जागा म्हणून टाळू नकोस.

आईला ताईकडे कोलकात्याला नेलं तेव्हा आम्हीही अशाच अवेळी टर्मिनल २ वर पोचलो. तिचे गुडघे तुला माहीतच आहेत. बाहेरच्या खुर्चीत ती अवघडून गेली होती. लाउंजमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि चेहराच बदलला तिचा. गरम उपमा, इडली, उकडलेली अंडी, चहा, सगळं हाताशी. थर्मासमधलं पाणी गार झालं म्हणून ती पुटपुटली, तर काउंटरवरच्या मुलीनं ते ओतून देऊन वाफाळतं पाणी भरलं. "आजी, अजून लागलं तर सांगा," म्हणाली. ताईकडे पोचेपर्यंत आई त्या पोरीचंच कौतुक करत होती.

आता कामाचं. तुझ्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर लाउंज फुकट आहे का, ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच बघ. बऱ्याच बँका हल्ली आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच सोडतात. कार्ड ज्याच्या नावाचं, सहसा त्यालाच फुकट. बोर्डिंग पासवरचं नाव ताडून पाहतात. त्यामुळे अप्पांचं वेगळं कार्ड लागेल, नाहीतर त्यांचे पैसे भर. खरंच भर. पहाटे तिथेही रांग असते, तेवढा वेळ हाताशी ठेव.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकलं तर खाली गोठून निकामी होऊ शकतं. व्हीलचेअर विमान कंपनीला दोन दिवस आधी कळव. २०१४ साली सुरू झालेलं ते टर्मिनल अवाढव्य आहे, गेटपर्यंत चालून अप्पा दमतील. आणि तिथे विमानाच्या घोषणा होत नाहीत, हे विसरू नकोस. सोफ्यावर डोळा लागला तर उठवायला कोणी येणार नाही. मोबाइलवर गजर लाव. उड्डाणाच्या २५ मिनिटं आधी गेट बंद होतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. भल्या पहाटे म्हाताऱ्या माणसाला गरम पाणी आणि पाठ टेकायला जागा मिळावी, हे बँकेच्या कार्डावर का अवलंबून असावं? त्या दिवशी बाहेर आईच्या वयाच्या कितीतरी बायका पिशवीवर डोकं टेकून बसल्या होत्या. म्हणूनच कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये निघालेलं उडान यात्री कॅफे मला फार आवडलं. १० रुपयांत चहा! चेन्नईलाही ते आहे, परतताना अप्पांना तिथला चहा पाज. असं प्रत्येक विमानतळावर व्हायला हवं, मनापासून वाटतं.

मालेगावहून एका दमात मुंबई गाठू नकोस. संध्याकाळीच आमच्याकडे ये. (वाटेत ओझर, म्हणजे नाशिकचा विमानतळ, लागेल. तिथलं टर्मिनलही २०१४ चंच. तिथून चेन्नईला थेट विमान निघालं तर अप्पांची ही सगळी रातपाळीच वाचेल.) जेवून ते खालच्या खोलीत चार तास झोपतील, आई ज्वारीची भाकरी करणार म्हणतेय. पुढे इगतपुरीहून समृद्धी महामार्गानं जाऊ. जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झालाय, जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट पलीकडे, म्हणजे कसाऱ्याच्या वळणांनी अप्पांना मळमळायचं नाही. गाडी मी चालवतो, तू मागे त्यांच्याजवळ बस.

विमानाची नेमकी वेळ आणि अप्पांच्या इन्सुलिनची वेळ, दोन्ही कळव. त्यावरून निघायचं ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू