पारावर आम्ही कधी बसलो होतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या एका रविवारच्या पुरवणीत गप्पांचे पार ओस पडल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारा लेख आला होता. देवळासमोरचा पार, नदीच्या पायऱ्या, एक चहा तिघांत, आणि रात्री दहापर्यंत चाललेले वाद. शेवटी नेहमीप्रमाणे सगळा ठपका मोबाइलवर. लेख चांगला उतरला होता, मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की अख्ख्या लेखात एकही बाई नाही. चहा आणून देणारीसुद्धा नाही, कारण चहा हॉटेलातला होता.

मी वाईची. इथल्या एका छापखान्यात बावीस वर्षं मुद्रितशोधक होते. घरून छापखाना आणि छापखान्यातून घर, वाट गणपती घाटावरून. संध्याकाळी पायऱ्यांवर मंडळी बसलेली असत. त्यांचं बोलणं खरंच ऐकण्यासारखं असायचं. धोमचं पाणी, एखादं नवं नाटक, कुणाचं तरी व्याख्यान. मी पिशवी सावरत, मान खाली घालून पुढे जायचे. थांबून ‘अहो, ते तसं नाही’ म्हणायची सोय नव्हती. आणि पुष्कळदा ते तसं नसायचंच. ज्या पुस्तकावर वाद चाललेला असे त्याची प्रुफं मी तीनदा वाचलेली असत.

बायकांना बोलायला जागाच नव्हती असं मी म्हणणार नाही. वाती वळताना, गहू निवडताना, हळदीकुंकवाला आम्ही पुष्कळ बोललो. पण तिथलं बोलणं उठून दारापर्यंत येईतो संपलेलं असे, कारण कुणाला तरी कुकर लावायचा असे. त्यातल्या त्यात शिस्तीची म्हणजे भिशी. माणसं ठरलेली, तारीख ठरलेली, आणि चिठ्ठी निघेल तिचा मान. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते भिशीचंच आहे.

२०२० साली टाळेबंदीत मी मोडी लिपीच्या ऑनलाइन वर्गाला बसले. सुनेने फोन कपाटाच्या कडीला बांधून दिला होता. वर्ग संपला, परीक्षा झाली, पण आम्ही सोळा जण सुटलो नाही. वर्गातल्याच एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, आपण कागदांची भिशी लावू. दर बुधवारी रात्री नऊला. सोळा नावांच्या चिठ्ठ्या डब्यात. ज्याची निघेल त्याने पुढच्या बुधवारी एक मोडी कागद मांडायचा. आठवडाभर तोच वाचायचा, त्यावरच बोलायचं, दुसरं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात आता १०२४ माणसं घेता येतात म्हणे. आमच्यात सतरावं माणूस यायचं तर आधी एकाने जावं लागतं. बाई त्यात ऐकत नाहीत.

बडोद्याचे एक आजोबा आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. तंजावरची एक शिक्षिका आहे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, हे मला तिच्यामुळे कळलं. अमेरिकेत नेवार्कला राहणारी एक संगणकवाली मुलगी आहे, तिला बुधवारी आमच्यासाठी कामातून वेळ काढावा लागतो. आणि भोरकडचे एक शेतकरी, ज्यांच्या आजोबांच्या पेटीत कागदांचा एक रुमाल निघाला. दप्तराच्या भाषेत रुमाल म्हणजे कागद बांधलेलं फडकं, हेही आता सांगावं लागतं.

त्यांची चिठ्ठी निघाली तेव्हाची गोष्ट. कागदावर सालाच्या जागी ‘तिसा सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे. नऊ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत चालणारा शुहूर सन ११७९. नेवार्कच्या मुलीने ५९९ मिळवून इसवी सन १७७८ काढलं. बडोद्याचे आजोबा म्हणाले, जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७७९. मुलीला ते पटेना, एकाच सालाला दोन आकडे कसे? तेव्हा भोरचे म्हणाले, ‘ताई, हे मृगसाल आहे. मृग लागला की साल बदलतं. तुमचा जानेवारी त्याच्या मधेच येतो. आमचा हिशेब अजून पेरणीपासूनच धरतात.’ एवढं बोलून ते म्हशीकडे गेले, आम्ही मागे बेरजा करत बसलो. महिना लिहिला होता ती जागा कसरीने खाल्लेली, त्यामुळे या मृगापासून त्या मृगापर्यंत, एवढ्यावरच थांबावं लागलं.

खरा घोळ पुढच्या ओळीत होता. ‘धाकटे पातीस सुत देणे’. पाती म्हणजे घराण्याची शाखा. मोडीत इकार एकच आणि उकारही एकच, ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. तेव्हा हा सुत म्हणजे मुलगा, की सूत म्हणजे धागा? ‘दिल्हा’ असतं तर मुलगा ठरला असता, ‘दिल्हे’ असतं तर सूत. लिहिणाऱ्याने ‘देणे’ लिहून दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. भोरच्यांना मात्र यात फार रस. त्यांची धाकटी पाती. ‘तुम्ही दत्तकाचे’ असं त्यांना भावकीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलेलं. लग्नात, बांधाच्या भांडणात, सगळीकडे.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, पुढे काय आहे? पुढे घडी होती, घडीच्या सावलीत दोन-तीन अक्षरं बुडालेली. त्यांनी फोटो पुन्हा काढायला सांगितला. भोरच्यांनी कागद खिडकीच्या काचेखाली दाबून ठेवला आणि सकाळचं तिरकं ऊन येईपर्यंत थांबले. गुरुवारी सात वाजता फोटो आला. ‘सेर ३’. तीन शेर सूत. सोळा जणांचे फोन एकदम वाजले असतील. तंजावरच्या शिक्षिकेने नुसतं ‘अय्यो’ लिहिलं.

मग भोरच्यांनी विचारलं, म्हणजे आम्ही दत्तकाचे नाही ना? कुणीही पटकन ‘नाही, नाही’ म्हणून मोकळं झालं असतं. बडोद्याच्या आजोबांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, ‘दादा, हा कागद सुताबद्दल बोलतो. दत्तकाबद्दल तो गप्प आहे. त्याच्या तोंडी आपण शब्द घालू नये.’ दोन दिवस भोरचे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रुमालातला दुसरा कागद आला.

आता सांगा, घाटाच्या पायरीवर यापेक्षा वेगळं काय होत होतं?

फोनमुळे माणसं शहाणी झाली असं मात्र मला म्हणायचं नाही. माझ्याच फोनात आमच्या कुळाचा ग्रुप आहे, अठ्ठावन्न माणसांचा. तिथे रोज सकाळी अठ्ठावन्नांतली तीस माणसं गुलाबाची फुलं पाठवतात, आणि माझी नणंद तीन आठवडे दवाखान्यात होती हे मला शेजारणीकडून कळलं. फोन तोच, बोटं तीच. फरक एवढाच, की तिथे मधोमध काही मांडलेलं नाही, आणि ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी नाही.

या ‘पुरे’वरून एक बाई आठवते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये बायकांच्या दिवाणखान्यात विद्वानांच्या बैठका भरत, त्यांतल्या मोठ्या बैठकीच्या यजमानीण मादाम जोफ्रँ. त्यांचं नाव मी पहिल्यांदा प्रुफातच वाचलं आणि शेवटचं अक्षर कसं लिहायचं यावरून कंपोझिटरशी भांडले. चौदाव्या वर्षी जवळजवळ पन्नाशीच्या माणसाशी लग्न झालेलं, शाळा कधी पाहिलेली नाही. पण सोमवारी चित्रकार आणि बुधवारी लेखक-तत्त्वज्ञ असा वार लावून दिलेला. फ्रेंच विश्वकोश अडचणीत होता तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घातले. (आमच्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, त्यामुळे हे लक्षात राहिलं.) आणि बोलणं भलत्या वळणावर जायला लागलं की त्या ‘वा, छान झालं’ अशा अर्थाचे दोन शब्द बोलून ते तिथेच थांबवत. मोठमोठी माणसं गप्प बसत. बाईंचं स्वतःचं शुद्धलेखन मात्र भयंकर होतं म्हणतात.

हे शेवटचं मला बोचतं, कारण त्याबाबतीत मी चुकले आहे. भिशीच्या पहिल्या वर्षी कुणी काही लिहिलं, की मी खाली दुरुस्त करून टाकायचे. ‘आणी’ नव्हे ‘आणि’. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविता’ ऱ्हस्व. बावीस वर्षांची खोड. नेवार्कची मुलगी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, तिला तर मी उत्तरच देत नसे. एका दुपारी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘तुम्ही प्रुफं तपासताय. आपण बोलायला जमलोय.’ मी फोन ठेवला आणि तासभर रागाने भांडी घासली. नंतर हिशेब केला, तर माझ्या दुरुस्त्यांमुळे तिघं जण महिनाभर काही लिहीतच नव्हते. त्यांत भोरचे होते. तो रुमाल पेटीतून बाहेरच आला नसता.

आणि २०२४च्या निवडणुकीत आमच्याही पंगतीत माशी शिंकली. एकाने रात्री एक भाषणाची चित्रफीत टाकली, दुसऱ्याने उत्तर दिलं, पहाटेपर्यंत एकशे चाळीस निरोप. बाईंनी सकाळी उठून ग्रुपला कुलूप लावलं, फक्त त्याच लिहू शकतील असं. तीन दिवस. दोघं चिडून निघून गेले, त्यांतले एक माझे आवडते. बाई हुकूमशहा आहेत असंही लिहून गेले. आहेत थोड्या. चौथ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं आणि फक्त एक ओळ लिहिली, ‘पाटावर कागद कुणाचा?’

आता आपल्याकडे मागणं. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८पासून लोकहितवादींची शंभरावर पत्रं आली. ती पत्रंच होती, अग्रलेख नव्हेत. आपल्या अंकातही पत्रांचा रकाना आहे, पण हल्ली त्यात प्रत्येक पत्र एकटंच येतं आणि एकटंच जातं. सोमवारी सांगलीच्या वाचकाने काही म्हटलं, तर त्याला शुक्रवारी नांदेडची वाचक काय म्हणाली हे छापून येत नाही. पूर्वी येई. ‘अमुक तारखेच्या पत्रासंबंधी’ असं वर बारीक अक्षरांत असे, आणि मी तो मजकूर वाचताना आधीचा अंक शोधून काढत असे. आपण आठवड्यातून एकच वार ठरवा. एक विषय मांडा, त्यावरची पत्रं आणि पत्रांवरची उत्तरं छापा, आणि वाहवत जाईल त्याला कात्री लावा. कात्री तर आपल्या हातात आहेच, ती इतरांकडे नसते. त्या लेखाच्या लेखकांनाही बोलवा. त्यांच्या पारावर काय वाद चालत ते मला एकदा नीट ऐकायचं आहे, थांबून.

पत्र लांबलं, याची मला जाणीव आहे. वाटेल तिथे कापावं. फक्त एक विनंती आपल्या मुद्रितशोधकांना. भोरच्या कागदातल्या ओळीत ‘सुत’ असं ऱ्हस्वच ठेवावं. दीर्घ करून शुद्ध करू नये.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, वाई
(कृपया नाव छापू नये)