गर्दीवर टांगलेले क्लॅम्प

महोदय,

दिवाळी पहाटेला ठाण्यात तलावपाळी, राम मारुती रोडवर रेलिंगला लवचीक मानेचे क्लॅम्प लावून दिवे, छोटे कॅमेरे टांगतात. खाली तुडुंब गर्दी! मान आडवी ताणली की लांबीच्या पटीत पीळ वाढतो. आधी मान झुकते, मग क्लॅम्पचा जबडा रेलिंगच्या गोल पाइपवर फिरतो. मान आखूड वळवून भार जबड्याच्या बरोबर वर आणावा. जबड्याचं रबर गुळगुळीत झालं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालावा. दिवा किंवा कॅमेरा ज्यावर बसतो त्या पाव इंची स्क्रूखालची चकती आवळायची बहुतेकांकडून राहतेच. ढोल-ताशाच्या दणक्याने स्क्रू सैल होतो. सुरक्षादोरी दिव्यापासून थेट रेलिंगला बांधावी. क्लॅम्पला बांधली तर दोन्ही एकदमच खाली येतात.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे