कोर्स तर पूर्ण केला होता

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रुग्णालयांच्या सांडपाण्यात प्रतिरोधक जनुकांची तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं टेबल सांभाळलं. लघवी, पू, थुंकी, रक्त, हेच माझं दप्तर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण अडल्यानडल्याला अजून बोलावतात. गेल्या पावसाळ्यात अशीच गेले असताना एक गृहस्थ काउंटरवर आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांचा लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. बारा औषधांपुढे ओळीने बारा वेळा एकच शब्द : रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. त्यांनी खिशातून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या, रबर लावून जपून ठेवलेल्या, आणि काचेवर मांडल्या. म्हणाले, "मॅडम, मोजून घ्या. एकही गोळी चुकलेली नाही. कोर्स तर पूर्ण केला होता."

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच पोस्टर होतं. त्यावर अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका, असं लिहिलेलं.

माझ्याकडे त्यांच्यासाठी दोन वाक्यांत मावेल असं उत्तर नव्हतं. पोस्टर आपल्या खात्याकडून येतात, म्हणून ते उत्तर आपल्याला लिहिते आहे.

आधी त्या आजोबांच्या प्लेटबद्दल सांगते. जंतू वाढवायच्या मॅकॉन्की प्लेटवर क्लेब्सिएला नावाच्या जंतूच्या गुलाबी, बुळबुळीत वसाहती होत्या. तारेच्या लूपने उचलल्या की पाकासारखी तार सुटत होती. मग दुसऱ्या प्लेटवर जंतू सारखे पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध लागू असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं, लागू नसेल तर जंतूंचा थर सायीसारखा चकतीच्या काठाला येऊन भिडतो. या प्लेटवर मेरोपेनेमच्या चकतीलाही साय भिडलेली होती. मेरोपेनेम म्हणजे आयसीयूतलं राखून ठेवलेलं औषध. आजोबांनी ते जन्मात कधी घेतलेलं नव्हतं. नऊ दिवस एका रुग्णालयात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, होता, एवढंच.

जे औषध घेतलंच नाही त्याला दाद न देणारा जंतू शरीरात आला कुठून? तर जंतू हा गुण एकमेकांना देतात. शेजारणीकडे विरजण मागायला जावं, तसं. ती चमचाभर देते, तिचं दही काही संपत नाही, आणि सकाळी आपलं पातेलंभर दूध लागलेलं असतं. जंतूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी सुटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू जवळ आले की एकातून दुसऱ्यात त्या कडीची प्रत जाते. देणाऱ्याकडे मूळ कडी राहतेच. आणि घेणारा त्याच जातीचा असायला हवा, असंही नाही. आपल्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय हगवणीच्या शिगेलाला हा वाण देऊ शकतो. आपल्याकडे आडनाव बघून विरजण देणाऱ्या आळ्या होत्या आणि आहेत. जंतूंमध्ये तो प्रकार नाही.

हे काही नवं नाही. जपानमध्ये 1950च्या दशकात हगवणीच्या साथी आल्या, तेव्हा सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना न जुमानणारा शिगेला सापडू लागला. चार औषधांविरुद्ध चार वेगवेगळे योगायोग एकाच जंतूत घडून यावेत, हे तिथल्या शास्त्रज्ञांना पटेना. त्यातून एकाच साथीत कुणाचा शिगेला औषधाने मरणारा, तर कुणाचा चारही औषधांना पुरून उरणारा. 1959 मध्ये ओचिआई आणि अकिबा यांनी प्रतिरोधक ई. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवून दाखवलं की चारही गुण एका झटक्यात इकडून तिकडे जातात. चार वेगवेगळ्या वस्तू नव्हत्याच त्या, एकाच पिशवीतलं सामान होतं.

महोदय, ही पिशवी लक्षात घेतली की आपल्या पोस्टरची मर्यादा कळते. काही जनुकांना तर उड्या मारायची खोड असते. ती गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर, या प्लाझ्मिडवरून त्या प्लाझ्मिडवर जातात. काही ठिकाणी इंटेग्रॉन नावाची जोडणी असते, तिच्यात मालगाडीला डबे लावावेत तशी एकापुढे एक जनुकं लागत जातात. एखाद्याने दुखऱ्या घशासाठी स्वस्तातलं जुनं औषध खाल्लं, तरी त्या औषधाविरुद्धचा डबा ज्या गाडीला आहे ती अख्खी गाडी टिकून राहते, मेरोपेनेमच्या डब्यासकट. फरशी पुसायच्या काही जंतुनाशकांविरुद्धची जनुकंही याच गाडीत बसलेली सापडतात. शिवाय जंतू मेला म्हणून प्रश्न मिटला असंही नाही. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांवर दाखवलं होतं की मेलेल्या घातक न्यूमोकॉकसचा (न्यूमोनियाच्या जंतूचा) गुण जिवंत निरुपद्रवी न्यूमोकॉकस उचलतो. फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी दिसली तीही त्याच वर्षी.

आता आपल्या घरचं. 2008 मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत मेरोपेनेमसारख्या औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. तो रुग्ण आधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून त्या जंतूतल्या प्रतिरोधक जनुकाला एनडीएम-1 नाव मिळालं. एनडी म्हणजे न्यू दिल्ली. 2010 मध्ये हा विषय 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला तेव्हा देशभर गदारोळ झाला, पण तो मुख्यतः नावावरून. मेडिकल टुरिझमची बदनामी, परदेशी डाव वगैरे. खरं तर त्याच वर्षी, त्याआधी काही महिने, मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात छापलं होतं की कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 मध्ये हे जनुक आहे. त्यावर कुणी रुसलं नाही, कारण कुणी वाचलं नाही.

2011 मध्ये दिल्लीतलं पाणी तपासलं गेलं. नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत हे जनुक मिळालं. पटकीच्या जंतूतही मिळालं. मला त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती तापमानाची. प्लाझ्मिडची देवघेव 37 अंशांपेक्षा, म्हणजे आपल्या शरीरापेक्षा, 30 अंशांना जास्त जोरात झाली. तीस अंश म्हणजे आपल्याकडचं वर्षातले कितीतरी महिने वाहणारं उघडं गटार.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे : आपण पहारा चुकीच्या दाराशी बसवला आहे. 2014 पासून शेड्यूल एच-1, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा काही औषधांची यादी, लागू आहे, मेडिकलवाल्याने रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची आहे, पाकिटावर लाल रेघ आहे. हे सगळं असावंच. (माझ्या गल्लीत चिठ्ठीशिवाय काय काय मिळतं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) कोर्स किती दिवसांचा असावा यावर आता डॉक्टरांमध्येच चर्चा चालू आहे, तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणी आपल्या मनाने सोडाव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. पण गटारात जमलेल्या विरजणाची जबाबदारी रिकाम्या पट्ट्या जपून ठेवणाऱ्या माणसावर टाकता येणार नाही.

रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर नियम नाहीत असं नाही. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सांडपाण्याची मानकं आहेत : आम्लता दाखवणारा पीएच, पाण्यातली घाण मोजणारे बीओडी आणि सीओडी, वगैरे. आणि एक मासळीची परीक्षा आहे. त्या पाण्यात मासे सोडायचे, 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत पाहिजेत. एका रुग्णालयाच्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल मी स्वतः वाचला आहे. सगळे रकाने पास, मासे खुशाल. एनडीएम-1 ने माशाला काहीच होत नाही, साहेब. मासे मेरोपेनेमवर जगत नाहीत.

औषध कारखान्यांचंही असंच. हैदराबादजवळ पाटणचेरूला 2007 मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला, आणि ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा नेमका तो भाग गळलेला होता. केंद्राने गाळलं तरी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला जास्त कडक मानकं ठरवता येतात. ते खातं आपलं नाही, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीवरच बसत असेल.

एक चांगलं उदाहरणही देते, नाहीतर पत्र रडगाणं वाटेल. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिन या शेवटच्या उपायाच्या औषधाविरुद्धचं एमसीआर हे जनुक प्लाझ्मिडवर सापडलं, आणि 2019 मध्ये आपल्या देशाने कोंबड्या व इतर खाद्य प्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. म्हणजे जनुक फिरतं हे सरकारला कळतं.

आणि गटार तपासायचं कसं, हे शिकायला महाराष्ट्राने कुठे जायची गरज नाही. पोलिओचा विषाणू शोधण्यासाठी मुंबईत 2001 पासून सांडपाण्याचे नमुने घेतले जातात, परळच्या प्रयोगशाळेत. कोविडच्या काळात पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यावरून विषाणूचे प्रकार ओळखले. नमुना घेणारे हात आहेत, पीसीआरची यंत्रं कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या सांडपाण्यात महिन्यातून एकदा एनडीएम, एमसीआर अशी चार-पाच जनुकं शोधायची आणि आकडे जाहीर करायचे. सोबत त्या रुग्णालयाचा अँटिबायोग्रॅमही, म्हणजे कुठला जंतू कुठल्या औषधाला किती टक्के दाद देतो याचा तक्ता. केरळ आपल्या राज्याचा तक्ता जाहीर करतं. आपल्याकडे तालुक्याचा डॉक्टर पहिली गोळी अंदाजाने लिहितो, कारण त्याच्यासमोर दुसरं काही नसतं. यात बदनामीची भीती वाटत असेल, तर सुरुवातीला रुग्णालयाचं नाव न देता विभागाचा आकडा द्या.

त्या आजोबांचं काय झालं, हे आपण विचारलंत तर सांगते. कोलिस्टिनची तपासणी चकतीवर होत नाही, म्हणून नमुना पुण्याला पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, कोलिस्टिन लागू पडत होतं. आजोबा वाचले. मूत्रपिंडं मात्र गेली, त्या औषधाने की आजाराने हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. आता आठवड्यातून दोनदा मुलगा त्यांना डायलिसिसला नेतो, पहाटेच्या एसटीने.

आपल्या खात्याने हिरवा कंदील दिला तर आमच्या जिल्ह्यातला पहिला नमुना मी स्वतः घेईन. मानधन नको. लिटरभराची निर्जंतुक बाटली, लांब दांडीची बादली आणि बर्फाचा डबा एवढंच लागतं. नमुना सकाळी लवकर घ्यावा लागतो, वॉर्डातल्या आंघोळी आणि फरशा सुरू झाल्या की, तेव्हा प्रवाह सर्वांत जास्त असतो. रुग्णालयामागच्या नाल्याची चावी वॉचमनकडे असते. त्यांना फक्त आपल्या कार्यालयातून एक फोन जायला हवा.

आपली,
तालुक्याच्या लॅबमधली एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ