घरच्या कॉम्प्युटरला कुलूप

लालबाग, मुंबई
रविवार दुपार

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला. सेकंडहँड पीसी घेतलास, घरातले सहाही जण त्याच्यावर बसणार आणि आता तुला तुझ्या फायली लपवायच्यात. लपवू नकोस रे बाबा, आधी माझं काय झालं ते ऐक.

मागच्या पावसाळ्यात मी दुसरी नोकरी बघत होतो, घरी कुणालाच बोललो नव्हतो. राजीनामा टाईप केला, फोल्डर हिडन केला आणि काय डोकं लावलंय म्हणून स्वतःवरच खूश. आता आठवीतल्या पुतण्याला 'हिडन आयटम्स'चं टिक कुठे असतं ते माझ्याआधीपासून माहीत, त्याचे ते गेमचे उद्योग चालूच असतात ना. संध्याकाळी करी रोडला उतरून घरी येतोय तर जिन्यातच शेजारच्या काकू, "काय रे, नोकरी सोडतोयस म्हणे?" पोराने आजीला सांगितलं होतं, आणि आजीला सांगितलं म्हणजे अख्ख्या गॅलरीला सांगितलं. बायकोला चौथ्या माणसाकडून कळलं, त्यावर मी इथे काही लिहित नाही.

मग प्रत्येकाचा वेगळा युजर केला, पासवर्ड टाकले. दोन दिवसांनी बघतो तर पुतण्या माझ्याच फोल्डरात! त्याचं अकाउंट मीच अ‍ॅडमिन करून दिलेलं. अ‍ॅडमिनला विंडोज फक्त विचारतं, परमिशन नाहीये, कंटिन्यू करू का, आणि त्याने कंटिन्यू दाबलं की झालं. तेव्हा अ‍ॅडमिन तू एकटाच रहा, बाकी सगळे स्टँडर्ड. तरी लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी समज, डिस्क एन्क्रिप्ट (म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी) केलेली नसेल तर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमच्या, पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली की सगळं उघडंच.

कुलूप फाइललाच लावायचं. मी सेव्हन-झिप वापरतो, फायलींचं एकच गाठोडं (आर्काइव्ह) बांधून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक कर (विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स'), 'अ‍ॅड टू आर्काइव्ह', फॉरमॅट सेव्हन-झेड, पासवर्ड दोनदा टाक. एईएस-२५६ नावाच्या भक्कम एन्क्रिप्शनने लॉक होतं. पण थांब, त्याच खिडकीत खाली 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' असं एक टिक असतं ते मी पहिल्यांदा सोडलं होतं. पुतण्याने फाइल उघडली, आतलं काही वाचता आलं नाही पण नावं सगळी दिसली, 'राजीनामा फायनल', 'राजीनामा फायनल २'. वर मूळ फोल्डर मी डिलीट केलाच नव्हता, तोही तिथेच बाजूला, कुलूप लावून दार उघडं ठेवायचा प्रकार! लॉक केलेली फाइल एकदा उघडून बघ, नीट उघडली तरच मूळची डिलीट कर आणि रिसायकल बिन रिकामा कर.

रोज उघडायच्या फायलींना हे कंटाळवाणं होतं. एखाद-दुसरी वर्डची फाइल असेल तर वर्डमध्येच इन्फोखाली 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' आहे. एक्सेलमधल्या शीट प्रोटेक्टवर मात्र विसंबू नकोस, ते नुसतं सेल बदलू देत नाही, वाचायला सगळं मोकळं. आणि कॉलेजात तू ट्रूक्रिप्ट, ते फायलींची कुलूपबंद तिजोरी बनवणारं सॉफ्टवेअर, टाकून भाव खायचास ना, ते २०१४ सालीच बंद पडलं, त्याच्याच कोडवर आता व्हेराक्रिप्ट आहे, तुझ्यासारख्याने तेच घे. काम झालं की डिसमाउंट करायला, म्हणजे तिजोरी परत बंद करायला, विसरलास तर मात्र उपयोग शून्य.

पासवर्ड आधारच्या पीडीएफसारखा ठेवू नकोस, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, घरात ते सगळ्यांनाच पाठ. मी लहानपणीचं आमचंच एक फालतू वाक्य घेतलंय, तुला सांगितलं तर तू हसशील. आणि विसरलास तर संपलं हं, 'फरगॉट पासवर्ड' वगैरे काही नसतं यात. म्हणून माझा एका चिठ्ठीवर लिहून आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय. पुतण्या तिथे हात लावत नाही, आजीला घाबरतो.

नोकरी बदलली का म्हणून विचारशील, तर नाही. ती फाइल अजून तशीच लॉक करून ठेवलीय.

पुढच्या रविवारी येतो तुझ्याकडे, सेटप पेनड्राइव्हवर घेऊन येईन. वहिनींना सांग जेवायलाच थांबणार आहे.

तुझाच,
बाळ्या