आप्पांचा घट आणि तुझं ते वाक्य

वाई, सोमवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आप्पा अजून रोज संध्याकाळी विचारतात, "पोचला का तो?" पोचून आठवडा झाला असं सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. तू रागावून गेलास का, हे त्यांना विचारायचं असतं. मी म्हणते, नाही हो, रागावला नाही. खरं काय ते तुलाच ठाऊक.

भांडण तुम्हा आजोबा-नातवाचं, मी मध्ये पडणार नव्हते. पण निघायच्या आदल्या रात्री ओटीवर तू एक वाक्य बोललास, "विश्वालाच कारण लागत नाही, तर मला सकाळी उठायला कशाला लागेल?" आप्पांना तो वादातला टोमणा वाटला. तू हसतही होतास. मधूही हसूनच बोलायचा. असो. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

वादाचंच बोलू. आप्पांनी तुला न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांचं देव सिद्ध करणारं अनुमान ऐकवलं. पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत, कार्य म्हटलं की कर्ता आला, घटाला कुंभार असतो तसा. तू म्हणालास, महास्फोटाच्या आधी काळच नव्हता, तर तुमच्या कुंभारानं चाक फिरवलं कधी? उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय, असं विचारण्यासारखंच ते, हे हॉकिंगचं म्हणणंही सांगितलंस. जवाब चोख होता. (आप्पा आत जाऊन शैलाला म्हणाले, "पोरगा तयार झालाय." तुझ्यासमोर म्हणणार नाहीत.)

पण ज्या महास्फोटानं तू आप्पांना गप्प करत होतास, त्याच महास्फोटानं 1951 साली पोप बारावे पायस नास्तिकांना गप्प करायला निघाले होते. विज्ञानानं निर्मितीच्या क्षणाची साक्ष दिली, अशा थाटाचं त्यांचं भाषण. ते कोणाला खटकलं असेल, तर लमेत्रला. 1931 मध्ये विश्व एका आद्य अणूतून निघालं ही कल्पना त्यानंच मांडलेली, आणि तो स्वतः कॅथलिक पाद्री! माझा सिद्धांत असल्या प्रश्नांच्या बाहेर आहे, त्याला देवाच्या बाजूनं उभं करू नका आणि विरुद्धही नको, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं बरोबर उलटं, त्याचं विश्व सदा असंच असणारं, स्थिर. सुरुवात म्हटलं की निर्माता दाराशी येतो, म्हणून त्या नास्तिक माणसाला सुरुवातच नको होती. 'बिग बँग' हे नावही त्यानंच 1949 मध्ये बीबीसीवर बोलताना दिलं. 1965 मध्ये पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटाची उरलेली धग, सापडलं, तरी तो आणि आपले नारळीकर मागे हटले नाहीत. 1993 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्बिजना बरोबर घेऊन स्थिर विश्वाचा सुधारलेला सिद्धांत मांडलाच.

नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. तू सातवीत होतास. कार्ड आणलं, पण प्रश्न ठरेना. पेन्सिलीनं लिहायचास, खोडायचास, कार्डाचा कोपरा पार कळकट झाला होता. बाबा म्हणाले, काहीतरी विचार की, शनीच्या कड्यांबद्दल विचार. तू म्हणालास, "ते पुस्तकात आहे." रात्री अकराला मला उठवून म्हणालास, सापडला प्रश्न. तेव्हा उठायला तुला कारण लागत नव्हतं, झोपायलाच लागायचं.

बघ, पुन्हा तिथेच आले.

मला म्हणायचं होतं ते वेगळंच आहे. महास्फोटानं देव सिद्ध होत नाही, हे लमेत्रनंच सांगितलं. पण त्यानं देव खोडलाही जात नाही. फार तर ज्या अनुमानात 'आधी कर्ता, मग कार्य' असा काळाचा क्रम धरलेला असतो, ते लंगडं पडतं. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्विनासला हे तेराव्या शतकात कळलं होतं. जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्कानं सिद्ध करता येत नाही, असं तो म्हणतो, आणि तरी देवासाठी युक्तिवाद करतो. कारण त्याचा प्रश्न 'कधी झालं' हा नाहीच, 'आत्ता कशाच्या आधारावर आहे' हा आहे. तुझ्या त्या भौतिकशास्त्रज्ञ विलेंकिननं 1982 मध्ये गणितानं विश्व शून्यातून उपजवलं, पण भौतिकीचे नियम हाताशी धरूनच ना?

आणि मीमांसक, वेदातलं कर्म प्रमाण मानणारे. त्यांना तू विसरलास, आप्पा मुद्दाम विसरले. 'न कदाचिदनीदृशं जगत्', जग असं नव्हतं असा काळच नव्हता. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी सृष्टिकर्त्याची कल्पना उदयनांच्या कितीतरी आधी फाडून टाकली. देवाला काय अडलं होतं, शरीर नसताना त्यानं कसं घडवलं, सगळे तुझेच प्रश्न. हॉइल त्यांच्या पंगतीत बसला असता. पण जग कोणी केलं नाही असं म्हणणारी ही माणसं रोज पहाटे उठून अग्निहोत्र करत होती. कर्ता नाही म्हणून कर्म सुटलं, असं त्यांच्यापैकी कोणी म्हणालं नाही. आपल्या गावातले लक्ष्मणशास्त्री जोशी पाहा. न्याय शिकून तर्कतीर्थ झाले, पुढे रॉयवादी, म्हणजे देव न मानणाऱ्या मानवेंद्रनाथ रॉयांचे अनुयायी, झाले, आणि मग मराठी विश्वकोशाचे खंड काढत बसले. कशासाठी उठत होते ते?

म्हणजे तुझ्या वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा असू शकतो, नारळीकरांनाही कदाचित चालला असता. दुसरा अर्धा त्यातून निघत नाही. आप्पांच्या भाषेत हेतू आहे, व्याप्ती नाही, म्हणजे कारण दिलंस, पण त्याचा निष्कर्षाशी अटळ संबंध नाही. हे त्यांनी तिथल्या तिथे पकडायला हवं होतं. तू देव नाकारलास याचाच राग आला होता, लक्ष गेलं नाही.

फार शिकवलं. तीस वर्षं नववीला संस्कृत शिकवल्यावर दुसरं काय येणार. माफ कर. देव मान असं मी म्हणत नाही. माझंही तसं पक्कं काही नाही, गणपतीला उकडीचे मोदक करते एवढंच. तू काम करतोस त्याचा अभिमान वाटतो, आणि तुझ्या त्या गुरुत्वलहरींच्या निबंधातलं मला पहिलं पानसुद्धा समजलं नाही हे मी सगळ्यांना कौतुकानं सांगते. पण यंदा आलास तेव्हा गालफडं बसली होती. दुपारी बारापर्यंत अंथरुणात होतास. आंबा पुढे ठेवला तर "नंतर". विमानाचा शीण म्हणालास. तीन आठवडे?

म्युनिकमध्ये तुमच्या संस्थेत डॉक्टर असतो का, बोलायला कोणी असतं का, चौकशी कर. केली असशील तर सांग. नसलास करणार तर तेही सांग, मी येते. पासपोर्ट अजून चालू आहे.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलंय, उघडल्यावर डब्यात भरून ठेव.

आप्पांनी तुझ्यासाठी प्रश्न काढलाय. काळाच्या आधी नियम होते म्हणतोस, तर ते कुठे होते? त्यांना हवं तेवढं सविस्तर उत्तर लिही, भांडलास तरी चालेल. मला दोनच ओळी पुरे. रात्री झोप लागते का, आणि सकाळी किती वाजता उठतोस.

आई